एका ‘फ्री’साठी फिनिशमध्ये किती शब्द?

(व्याख्यानाचे संपादित शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

मागच्या रांगेपर्यंत आवाज येतोय ना? ठीक आहे, सुरुवात करू या.

आजचा विषय वाचून काहींच्या मनात आलं असेल, की अनुवादावर बोलायचं तर इंग्रजी-मराठी सोडून हे फिनलंड कुठून आलं? शंका रास्त आहे. कारण असं, की आपल्या भाषेच्या सवयी आपल्याला दिसत नाहीत. रोजच्या चष्म्यासारखं आहे ते. इंग्रजी आणि मराठी या लांबच्या का होईना, एकाच कुळातल्या भाषा आहेत. फिनिश त्या कुळातली नाही. ती उरालिक कुळातली. एस्टोनियन तिची जवळची बहीण, हंगेरियन लांबची. तिच्यात लिंगभेद नाही, ‘तो’ आणि ‘ती’ दोघांना एकच सर्वनाम आहे आणि विभक्ती पंधरा आहेत. इतक्या परक्या भाषेत एखादा ओळखीचा शब्द न्यायला गेलं, की तो शब्द आतून कसा आहे ते कळतं.

तो शब्द मी अगदी साधा निवडलाय : फ्री. आपण मराठीतही दिवसातून चार वेळा वापरतो. ‘एकावर एक फ्री’, ‘संध्याकाळी फ्री आहेस का?’, ‘शुगर फ्री बिस्किटं’. तीन वाक्यं, तीन अर्थ, आणि आपण एकदाही अडखळत नाही. फिनिश अनुवादक मात्र तिन्ही ठिकाणी थांबतो, कारण त्याच्याकडे या तिघांसाठी एक शब्दच नाही.

आधी या शब्दाचं मूळ बघू. इंग्रजी ‘फ्री’ आणि संस्कृत ‘प्रिय’ हे एकाच मुळातून आलेले शब्द आहेत. ‘प्रिय’चा ‘स्वतंत्र’ कसा झाला? जुन्या जर्मानिक समाजात घरातली माणसं म्हणजे आपली, जिवलग. आणि त्याच घरात राबणारे गुलाम म्हणजे परके. ‘आपल्यांपैकी’ याचाच अर्थ पुढे ‘गुलाम नसलेला’ असा झाला. इंग्रजीतला मित्रासाठीचा ‘फ्रेंड’ हा शब्दही त्याच घरचा. ‘पैसे न देता’ हा अर्थ पुष्कळ नंतर चिकटला. मालकाचं बंधन नाही, मग कामाचं बंधन नाही, मग किमतीचं बंधन नाही, असा तो शब्द पसरत गेला.

आता फिनिशकडे येऊ. तिथे मुख्यतः तीन शब्द आणि एक प्रत्यय आहे. उच्चार मी देवनागरीत जमेल तसे सांगतो.

पहिला शब्द ‘वापा’. शेवटचा ‘आ’ लांब. याचा अर्थ बंधन नसलेला, मोकळा. हा स्लाव्ह भाषांकडून फार पूर्वी आलेला शब्द आहे. रशियनमधला ‘स्वबोदा’ म्हणजे स्वातंत्र्य, तो याचा नातलग. जुन्या फिनिशमध्ये शब्दाच्या सुरुवातीला जोडाक्षर चालत नसे, म्हणून ‘स्व’मधला ‘स’ गळाला. बसमधली जागा रिकामी असेल तर ती ‘वापा’. रिकामा वेळ म्हणजे ‘वापा-आइका’. स्वातंत्र्य म्हणजे ‘वापाउस’, आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्य म्हणजे ‘सानानवापाउस’, शब्दशः ‘शब्दाचं स्वातंत्र्य’.

दुसरा शब्द ‘इल्माइनेन’, म्हणजे फुकट. हा आलाय ‘इल्मा’ या शब्दापासून, आणि ‘इल्मा’ म्हणजे हवा. हवेसारखं, हवेतून मिळालेलं, ते फुकट. त्याच मुळापासून ‘इल्मान’ हे शब्दयोगी अव्यय आलं, अर्थ ‘शिवाय, विना’.

तिसरा शब्द ‘माक्सुतोन’. ‘माक्सु’ म्हणजे शुल्क, पैसे भरणं. आणि ‘तोन’ हा नकाराचा प्रत्यय. म्हणजे शुल्क नसलेलं, निःशुल्क. हा कायद्याचा, सरकारी पत्रकाचा शब्द.

आणि हा जो ‘तोन’ आहे, तो स्वतंत्रपणेही भरपूर काम करतो. साखर ‘सोकेरि’, तर शुगर फ्री म्हणजे ‘सोकेरितोन’. धूर ‘सावु’, तर धूम्रपानाला बंदी असलेली जागा ‘सावुतोन’. मगाशी मराठीतली तीन वाक्यं म्हटली ना? त्यातलं ‘एकावर एक फ्री’ इल्माइनेनकडे जाईल, ‘संध्याकाळी फ्री’ वापाकडे, आणि बिस्किटं तोनकडे.

तुम्ही म्हणाल, मग अडचण काय? अर्थ बघायचा आणि योग्य खणात टाकायचा. तसं असतं तर या व्याख्यानाची गरज नव्हती. अडचण अशी, की अर्थ कळायला वाक्य लागतं, आणि अनुवादकाला ते दरवेळी मिळत नाही.

एक रोजचं उदाहरण घ्या. संगणकाचे, मोबाइलचे प्रोग्राम दुसऱ्या भाषेत नेतात तेव्हा अनुवादकाला पुष्कळदा पडदा दिसत नाही. त्याच्यापुढे शब्दांची यादी असते. त्यात एका ओळीत नुसतं लिहिलेलं असतं : ‘फ्री’. पुढे-मागे काही नाही. आता हे काय आहे? डिस्कवर किती जागा मोकळी आहे ते सांगणारं लेबल असेल तर ‘वापा’. अ‍ॅपची किंमत लिहायच्या जागी असेल तर ‘इल्माइनेन’. आणि मेमरी मोकळी करण्याचं बटण असेल तर ते विशेषणच नाही, क्रियापद आहे. मग ‘वापाउता’, म्हणजे ‘मोकळं कर’. इंग्रजी लिहिणाऱ्याने एकच शब्द तीन ठिकाणी वापरला आणि त्याचं काम भागलं. फिनिश अनुवादक चुकला, तर डिस्कच्या चित्राखाली ‘वीस जीबी फुकट’ असं वाचायला मिळेल. हसू येतं, पण इथे फार बिघडत नाही. लोक समजून घेतात.

बिघडतं ते दुसरीकडे. मानवी हक्कांचा जाहीरनामा घ्या. संयुक्त राष्ट्रांनी १० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिसमध्ये तो संमत केला. त्याच्या पहिल्याच कलमात माणसं जन्मतः फ्री आहेत असं म्हटलंय. आणि सव्विसाव्या कलमात म्हटलंय, की शिक्षण, निदान प्राथमिक पातळीवरचं, फ्री असावं. एकच दस्तऐवज, एकच शब्द. फिनिशमध्ये पहिल्या कलमात ‘वापा’चं रूप येतं आणि सव्विसाव्यात ‘माक्सुतोन’चं.

आता कल्पना करा, अनुवादकाने सव्विसाव्या कलमातही ‘वापा’च ठेवला असता. ‘शिक्षण मुक्त असावं’ असं झालं असतं. ऐकायला भारदस्त! पण त्याचा अर्थ होईल : शिक्षणावर कुणाचं नियंत्रण नसावं, शिकवणाऱ्याला मोकळीक असावी. चांगलीच गोष्ट आहे. फक्त गरीब आई-बापांच्या मुलाला फी माफ होण्याचा हक्क त्यातून निघून गेला असता. एका विशेषणाच्या निवडीवर हे अवलंबून आहे.

मग ‘इल्माइनेन’ का नाही वापरला? अर्थ तर तोच, पैसे लागत नाहीत. इथे फिनिश कायद्याची सावधगिरी बघण्यासारखी आहे. फिनलंडमध्ये शाळेत सगळ्या मुलांना जेवण मिळतं. त्याचा कायदा १९४३ साली झाला आणि १९४८ पासून तो पूर्णपणे लागू झाला. घरात बोलताना लोक त्या जेवणाला सहज ‘इल्माइनेन’ म्हणतील. कायद्याच्या भाषेत मात्र ते ‘माक्सुतोन’ असतं. २००० साली अमलात आलेल्या फिनलंडच्या राज्यघटनेत मूलभूत शिक्षणाचा हक्क आहे, तिथेही ‘माक्सुतोन’च. मला यातला फरक असा दिसतो : ‘इल्माइनेन’मध्ये हवा आहे, जणू ती वस्तू वाऱ्यावर आली. ‘माक्सुतोन’ एवढंच सांगतो, की तुमच्याकडून शुल्क घेतलं जाणार नाही. बटाटे कुणीतरी विकत घेतलेत, स्वयंपाक करणाऱ्यांना पगार दिलाय, आणि ते पैसे करातून आलेत. हे तो शब्द नाकारत नाही. फुकट मिळालेल्या गोष्टीबद्दल तक्रार करताना माणूस ओशाळतो. निःशुल्क मिळणाऱ्या हक्काबद्दल त्याने ओशाळायचं कारण नाही.

आता तिसरं उदाहरण, आणि हे थेट फिनलंडच्या मातीतलं. २५ ऑगस्ट १९९१. हेलसिंकी विद्यापीठातला एक विद्यार्थी, लिनस टोर्वाल्ड्स, इंटरनेटवरच्या एका चर्चागटात संदेश टाकतो, की मी हौस म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टिम करतोय. संदेश इंग्रजीत आहे. ‘ऑपरेटिंग सिस्टिम’च्या आधी त्याने एक शब्द कंसात टाकलाय : फ्री. हीच पुढे लिनक्स झाली.

समजा, हा संदेश फिनिशमध्ये न्यायचाय. कुठला शब्द घ्याल?

त्या काळी अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांची चळवळ सुरू होऊन काही वर्षं झाली होती. १९८३ मध्ये त्यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला, १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन स्थापन केलं. त्यांचा ‘फ्री’ हा स्वातंत्र्याचा होता : प्रोग्राम चालवण्याचं, उघडून बघून बदलण्याचं, इतरांना देण्याचं आणि बदललेला प्रोग्रामही वाटण्याचं स्वातंत्र्य. त्यासाठी पैसे घेतले तरी त्यांची हरकत नव्हती. हा फरक इंग्रजीभाषकांना समजावून सांगण्यात स्टॉलमन यांना आयुष्यभर शब्द खर्चावे लागले, कारण इंग्रजी माणूस ‘फ्री सॉफ्टवेअर’ ऐकलं की आधी खिशाचा विचार करतो. फिनिशमध्ये ते समजावण्याची गरज फारशी उरत नाही. चळवळीचं सॉफ्टवेअर ‘वापा’, आणि नुसतं चकटफू मिळणारं ते ‘इल्माइनेन’. दोन वेगळे शब्द, भांडण मिटलं.

पण टोर्वाल्ड्सचा ‘फ्री’ कुठला? इथे मजा आहे. लिनक्सची पहिली आवृत्ती सप्टेंबर १९९१ मध्ये आली, तेव्हा तिच्यासोबत त्याने स्वतःचा परवाना जोडला होता. त्यात अट होती, की मूळ कोड सगळ्यांना मिळाला पाहिजे आणि वाटताना पैसे घ्यायचे नाहीत. हाताळणीचा खर्चसुद्धा नाही. म्हणजे तो ‘फ्री’ इल्माइनेनच्या बाजूचा होता, आणि स्टॉलमन यांच्या व्याख्येत बसत नव्हता, कारण विकण्याची मोकळीक नव्हती. मग १९९२च्या सुरुवातीला टोर्वाल्ड्सने तो परवाना सोडून ग्नूचा जीपीएल परवाना घेतला. आता लिनक्स विकताही येणार होती. अट एवढीच, की घेणाऱ्याचं स्वातंत्र्य काढून घ्यायचं नाही. म्हणजे लिनक्स आता ‘वापा’ झाली.

सहा महिनेही झाले नव्हते. इंग्रजीत आधीही ‘फ्री’, नंतरही ‘फ्री’. वाक्य तेच राहिलं असतं. फिनिशमध्ये मात्र विशेषण बदलावं लागतं. तेव्हा हा शब्द अनुवादायचा तर शब्दकोश पुरत नाही. तारीख माहीत हवी, परवाना वाचलेला हवा.

आणखी एक गोष्ट. टोर्वाल्ड्सची मातृभाषा फिनिश नाही; तो फिनलंडमधल्या स्वीडिशभाषक अल्पसंख्याकांपैकी आहे. स्वीडिशमध्येही ‘फ्री’ आणि ‘ग्रातिस’ असे दोन वेगळे शब्द आहेत. ज्या देशाच्या दोन्ही राजभाषा हा भेद ठेवतात, त्या देशातल्या मुलाने तो संदेश भेद नसलेल्या भाषेत लिहिला.

आता जरा नाजूक उदाहरण घेतो. इंग्रजीत शब्दाच्या शेवटी दोन प्रकारे नकार येतो : ‘लेस’ आणि ‘फ्री’. ‘लेस’ म्हणजे उणीव, ‘फ्री’ म्हणजे सुटका. ज्या बाईला मूल नाही ती ‘चाइल्डलेस’. जिने मूल नको असं ठरवलंय ती स्वतःला ‘चाइल्डफ्री’ म्हणते. फिनिशचा ‘तोन’ यात भेद करत नाही. ‘सोकेरितोन’ बिस्किट आणि ‘कोदितोन’, म्हणजे बेघर, माणूस, दोघांना तोच प्रत्यय. मूल ‘लाप्सि’, आणि मूल नसलेली व्यक्ती ‘लाप्सेतोन’. तिला मूल हवं होतं आणि झालं नाही, की नकोच होतं, हे त्या शब्दात नाही.

इथे ‘लाप्सेतोन’ लिहून मोकळं होणारा अनुवादक त्या बाईचा निर्णयच पुसून टाकतो. वाचणारा तिची कीव करायला लागतो. म्हणून फिनिशमध्ये दोन शब्द घेऊन सांगतात : ‘वापाएह्तोइसेस्ति लाप्सेतोन’, म्हणजे स्वेच्छेने अपत्यहीन. लांबलचक झालं, तर बोलताना त्याची आद्याक्षरं घेऊन ‘वेला’ असा सुटसुटीत शब्दही तयार झालाय. आणि बघा, त्या लांब शब्दाच्या पोटात ‘वापा’ बसलेला आहेच. इंग्रजीने प्रत्ययात ठेवलेलं स्वातंत्र्य फिनिशने वेगळा शब्द आणून परत मिळवलं.

आता तुम्हाला वाटेल, फिनिश म्हणजे फार तर्कशुद्ध भाषा. तसंही नाही. हेलसिंकीत एखाद्या संगीताच्या कार्यक्रमाच्या जाहिरातीवर तुम्हाला ‘वापा पॅस्यु’ असं दिसेल. शब्दशः ‘मुक्त प्रवेश’. पण सांगायचं असतं ते हेच, की तिकीट नाही. म्हणजे इथे ‘वापा’ने गुपचूप पैशाचं काम केलंय. भाषा बोलणाऱ्यांची असते, खण पाडणाऱ्यांची नसते. आणि इंग्रजीत ‘फील फ्री टू आस्क’ म्हणतात, प्रश्न विचारा, संकोच नको; त्याला फिनिश माणूस बऱ्याचदा म्हणतो, ‘क्युस्यु रोह्केआस्ति’, म्हणजे ‘धीटपणे विचारा’. तिथे स्वातंत्र्यही नाही आणि पैसाही नाही, धैर्य आहे. खणांच्या बाहेरचा शब्द आणावा लागला, आणि तोच बरोबर आहे.

आता थोडं घरी येऊ. मराठी या बाबतीत इंग्रजीपेक्षा फिनिशच्या जवळ आहे. आपल्याकडे मोफत वेगळं, मोकळं वेगळं, स्वतंत्र वेगळं. पण आपलीही एक गाठ आहे, ती ‘मुक्त’ या शब्दात. फिनिश ‘वापा’ आणि ‘आवोइन’, म्हणजे उघडं, असा भेद करते. विकिपीडिया तिथे ‘वापा’ ज्ञानकोश आहे, पण ओपन युनिव्हर्सिटी ‘आवोइन’ विद्यापीठ. मराठीत विकिपीडियाही मुक्त ज्ञानकोश, आणि नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र विद्यापीठही मुक्त. तिथे फी भरावी लागते; नावातला ‘मुक्त’ दार उघडं असल्याचा आहे. आणि ‘तंटामुक्त गाव’, ‘कर्जमुक्त शेतकरी’ यातला ‘मुक्त’ म्हणजे पीडा टळली, इंग्रजी प्रत्ययासारखा. तेव्हा इंग्रजीला हसण्याआधी आपलाही खण तपासलेला बरा.

समारोप करतो. अनेकार्थी शब्द अनुवादात अवघड जातो, याचं कारण आपण सांगतो, की त्याचे अर्थ फार आहेत. मला ते पुरेसं वाटत नाही. अर्थ अनेक असले तरी मोजता येतात. खरं कारण हे, की असा शब्द लिहिणाऱ्याला ठरवण्यापासून सूट देतो. पैसे लागणार नाहीत की बंधन असणार नाही? सुटका की उणीव? इंग्रजी लेखकाने हे न ठरवताही वाक्य पूर्ण होतं. फिनिशमध्ये ते पूर्ण होत नाही. लेखकाने राखून ठेवलेला निर्णय अनुवादकाच्या टेबलावर येऊन पडतो, आणि तो घेताना कुणाची तरी फी, कुणाचा तरी हक्क, कुणाचा तरी आयुष्याबद्दलचा निर्णय मध्ये असतो. म्हणून असा शब्द आला, की शब्दकोशाच्या आधी दोन प्रश्न विचारावेत : कशापासून फ्री? आणि पैसे कोण देतंय? उत्तर मजकुरात नसेल, तर मजकुराबाहेर शोधावं; लेखक हयात असेल तर त्याला विचारावं. त्यात कमीपणा नाही.

प्रश्न असतील तर घेऊ. धीटपणे विचारा.

प्रश्न : सर, ‘फ्री अँड कम्पल्सरी एज्युकेशन’ असं आपल्या २००९च्या कायद्यात आहे. फ्री आणि सक्तीचं एकत्र कसं?

उत्तर : छान विचारलंत. इंग्रजीत ते शब्द शेजारी ठेवले की क्षणभर विरोध वाटतो, कारण ‘फ्री’मध्ये मोकळीकही ऐकू येते. आपण मराठीत ‘मोफत व सक्तीचे’ म्हणतो, आणि विरोध नाहीसा होतो. फिनिशमध्येही तसंच. शिक्षण ‘माक्सुतोन’, आणि सक्तीसाठी जो शब्द आहे तो ‘ओप्पिवेल्वोल्लिसूस’, म्हणजे शिकण्याचं कर्तव्य. शाळेत जाण्याचं नाही, शिकण्याचं. घरी शिकलं तरी चालतं. २०२१ पासून हे कर्तव्य वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत वाढवलंय, आणि त्याचबरोबर पुढच्या टप्प्यातली पुस्तकंही निःशुल्क केली. कर्तव्य लादायचं तर खर्च आपण उचलायचा, असा तो हिशेब आहे.

प्रश्न : फुकट, मोफत आणि विनामूल्य यात अनुवाद करताना कसं निवडावं?

उत्तर : कोण बोलतंय आणि मान कुणाचा जपायचाय, ते बघावं. ‘मोफत’ फारसीतल्या ‘मुफ्त’वरून आला, तो सगळीकडे चालतो. ‘विनामूल्य’ पत्रिकेवर शोभतो. ‘फुकट’ बोलण्यातला आहे, पण त्याला दुसरी धार आहे : ‘मेहनत फुकट गेली’, ‘फुकट्या’. दवाखान्याच्या पाटीवर ‘फुकट तपासणी’ लिहिलं, तर येणाऱ्या माणसाला आपण आधीच थोडं खाली बसवलं. अर्थ बरोबर, शब्द चूक. फिनिश कायदा ‘इल्माइनेन’ टाळतो, तेव्हा मला हीच पाटी आठवते.